झोळीतला श्वास

माझी सून काय काम करते, हे आमच्या सोसायटीत अजून कोणाला नीट कळलेलं नाही. इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे एवढं कळलंय, आणि तेवढ्यावर सगळ्यांनी आपापली सोय करून घेतली. ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या गोखलेबाई मिक्सर घेऊन दारात उभ्या. "जरा बघता का हो, नुसता गुरगुरतो, फिरत नाही." पूर्वानं बिचारीनं मिक्सर उघडून दुरुस्त करून दिला. झालं, मग काय विचारता. इस्त्र्या आल्या, टॉर्च आले, कोणाच्या नातवाची रिमोटवरची गाडी आली. शेवटी मीच गोखलेबाईंना जिन्यात गाठलं. म्हटलं, "तुमचे जावई डोळ्यांचे डॉक्टर ना? माझी टाच दुखतेय, पाठवू का त्यांच्याकडे?" तेव्हापासून मिक्सर यायचे बंद झाले. बाई माझ्याशी अजून तोंड वाकडं करून बोलतात. बोलेनात का.

मी चंपा ओव्हाळ. पीएमटीत कंडक्टर होते, स्वारगेट डेपोला. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला कोणी सांगायची गरज नाही. खचाखच भरलेल्या गाडीत मागच्या दारातून पुढच्या दारापर्यंत ऐकू जायला हवं, तर आवाज मोठाच होणार. मालक लवकर गेले. रोहनला मी एकटीनं वाढवलं. तो आता दूध डेअरीत मशिनं सांभाळतो आणि राहायला आम्ही तिथंच जवळ, कात्रजला आहोत.

पूर्वा पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा माझी नणंद ठाण मांडून बसली होती. तिनं विचारलं, स्वयंपाक येतो का. पोरगी म्हणाली, "येतो, पण आवडत नाही. रोहनला आवडतो, तो करेल." नणंदेचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी आत जाऊन साखर आणली आणि पोरीच्या हातावर ठेवली. खरं तोंडावर बोलणारं माणूस घरात असलं की निम्मी भांडणं वाचतात. उरलेली निम्मी आम्ही दोघी अगदी मन लावून भांडतो.

तर तिचं काम. माणसाला हात न लावता, अंगाला वायर न चिकटवता, लांबूनच त्याचा श्वास आणि छातीचे ठोके मोजायचे. त्यासाठी तिनं एक डबा बनवलाय, डाळ-तांदळाच्या नाही, आपल्या मिसळणाच्या डब्याएवढा. त्यातून लहरी निघतात, मोबाइलच्या असतात तसल्याच, पण त्याहून हलक्या. त्या माणसाच्या छातीवर आपटून परत येतात. श्वास घेतला की छाती वर येते, सोडला की खाली जाते, आणि तेवढ्या हलण्यावरून डबा सांगतो की माणसाचं कसं चाललंय. ठोक्यानं तर छाती केसाएवढीच हलते, तरी ते त्याला दिसतं. रडार म्हणतात याला. मी म्हटलं, "विमानं बघायचं ते?" म्हणाली, "हो आई, तेच. फक्त विमानाऐवजी माणूस."

सुरुवातीला डब्यासमोर बसायला हक्काचं माणूस मीच. रविवारी विहारातून आलो की जेवण व्हायचं आणि मला खुर्चीत बसवून ही समोर डबा मांडायची. "आई, हलू नका." बसले. "आई, बोलू नका." आता हे कसं जमायचं? एकदा मध्येच नणंदेचा फोन आला. मी नुसतं "हं, हं" करत ऐकत होते, तोंडातून एक शब्द काढला नव्हता, तर ही स्क्रीनकडे बघून म्हणते, "आई, ठोके फार वाढलेत, फोन ठेवा." म्हटलं, "मी शांत आहे." म्हणाली, "तुम्ही म्हणताय शांत, छाती म्हणत नाहीये." रोहन स्वयंपाकघरात हसत सुटला. त्या दिवसापासून माझ्या घरात मला खोटं शांत राहायचीसुद्धा सोय उरली नाही.

हे सगळं कशासाठी, ते तिनं मला एकदाच सांगितलं. शिकत असताना ती एका हॉस्पिटलात मशिनं बघायला गेली होती. तिथं दिवस भरायच्या आधी जन्मलेलं एक बाळ होतं. ठोके मोजायला त्याच्या छातीवर चिकटपट्टी लावलेली. नर्सनं पट्टी काढली तर तिच्याबरोबर कातडीही निघाली. नर्सनं जेवढी हळुवार काढता येईल तेवढी काढली होती, तिचा काही दोष नव्हता. बाळाला रडायचंही बळ नव्हतं, नुसतं तोंड उघडलं. पूर्वा घरी आली आणि तेव्हापासून तिनं दुसरं काही केलेलं नाही.

डबा तयार झाला तो खरंच चांगला झाला. हॉस्पिटलातल्या नवजात बाळांच्या विभागाचे प्रमुख डॉक्टर श्रीधर मोघे. माणूस हुशार, पण चांगलं बोलायला पैसे पडतात असं वाटावं इतका तोलून बोलणारा. त्यांनी वॉर्डातल्या बाळांवर डबा लावून बघितला, नेहमीच्या मशिनशी आकडे ताडून बघितले आणि म्हणाले, "बरा आहे." पूर्वा घरी येऊन ते दोन शब्द मला चारदा सांगत होती. मग ठरलं की घरी सोडलेल्या अशा बाळांच्या घरी डबे द्यायचे आणि घरात ते कसे चालतात ते बघायचं. डबा कपाटावर ठेवायचा, तोंड बाळाकडे करायचं. श्वास ठीक असला की हिरवा दिवा, नसला की डबा ओरडणार.

त्यातला एक डबा गेला लोणी काळभोरला, राधाकडे.

राधा म्हणजे विशी-बाविशीची पोर. नवरा भैरू टेम्पोवर असतो, पहाटे गावातला भाजीपाला भरून मार्केट यार्डात आणतो आणि दुपारी परत जातो. राधाला सासू नाही, आई लांब बीडकडं. मुलगी झाली ती फार लवकर झाली. हॉस्पिटलात महिनाभर काढून घरी आली, पण राधाच्या मनातली भीती काही हॉस्पिटलात राहिली नाही, तीही घरी आली. डॉक्टर म्हणाले होते, आता काळजी नाही. हिला कुठलं पटायला. ही पोर दिवसरात्र बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसायची. डोळा लागला की दचकून उठायची आणि झोपलेल्या बाळाला हलवून जागं करायची, मग दोघीही रडायच्या. हे सगळं भैरूनं पूर्वाला सांगितलं.

डबा गेला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. पूर्वानं स्पीकरवर टाकला. "मॅडम, म्या झोपले. हिरवी बत्ती बगत बगत झोपले. लई झोपले." बाई, तो आवाज! एखाद्याला लॉटरी लागावी तसा. पूर्वानं फोन ठेवला आणि स्वतःहून शिरा करायला घेतला. स्वतःहून, हे लक्षात घ्या. शिरा करपला होता आणि आम्ही तो वाटी चाटून खाल्ला.

पुढच्या आठवड्यात तिला लोणीला जाऊन डबा बघून यायचं होतं. तिनं नुकतीच गाडी शिकली होती आणि सोलापूर रस्त्याचे ट्रक बघून तिच्या हाताला घाम यायचा. म्हटलं, चल, मी येते शेजारी बसायला. रस्ताभर मी तिला ओरडून सांगत होते आणि ती मला सांगत होती की आई, ही गाडी आहे, बस नाही, मी तुमच्या शेजारीच बसलेय. पोचलो एकदाचे.

राधाचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पण लख्ख. आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीचं तोंड उघडं राहावं म्हणून मध्ये आडवी काठी घातलेली. कपाटावर डबा, हिरवा दिवा. राधानं आमच्यासाठी चहा टाकला, गालावर जरा तजेला आला होता. बाळ कुरकुरलं तसं तिनं त्याला झोळीतून उचललं आणि पाजायला घेऊन बसली. मी बाळाची बोटं बघत होते. मान वर करून बघते तर पूर्वा कपाटाकडे बघतेय.

झोळी रिकामी होती. बाळ आईच्या मांडीवर होतं. झोळी आपली अजून मागेपुढे झुलत होती, आणि डब्यावर हिरवा दिवा होता. श्वास एकदम उत्तम, असा आकडा पडत होता.

पूर्वा उठली. तिनं हातानं झोळी थांबवली. थोड्या वेळानं डबा ओरडायला लागला. तिनं झोळीला झोका दिला, डबा गप्प, हिरवा दिवा. पुन्हा थांबवली, ओरडला. पुन्हा झोका, हिरवा. मला तोपर्यंत काही उमगलं नव्हतं, पण राधाला उमगलं. ती बाळाला घट्ट धरून म्हणाली, "म्हंजी मॅडम, ह्यो डबा माजी पोरगी बगतच न्हाई?"

"नाही बघत, राधा," पूर्वा म्हणाली. "झोळी हलते ना, तिलाच तो श्वास समजतोय. चूक माझी आहे. हा डबा मी घेऊन जाणार."

"मग म्या झोपू कशी?"

तिथंच पूर्वानं डॉक्टरांना फोन लावला, जे दिसलं ते सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बाळाला काही धोका नाही, डब्याच्या भरवशावर कोणाला सोडलेलं नाही, पण सगळ्या घरांतले डबे आजच काढा. तिनं राधाला विचारलं, बाळाला गादीवर झोपवशील का, तसं असेल तर डबा ठेवायचं डॉक्टरांना पुन्हा विचारते. राधानं प्रयत्न करून दाखवला. ती बारकी गादीला पाठ लागली की असं भोकाड पसरायची की शेजारचे डोकावले. ते पोर महिनाभर वॉर्डातल्या बाळं ठेवायच्या ट्रेत काढून आलेलं, त्याला आता झोळी मिळाली होती, ते कशाला सोडतंय.

गाडीत बसलो आणि माझा तोल गेला. म्हटलं, "काय अडलं होतं तुझं? डॉक्टर म्हणतात पोरगी बरी आहे. ती बिचारी हिरवा दिवा बघून झोपत होती, झोपू द्यायचं होतंस. कळलंच नसतं कोणाला." पूर्वानं गाडी बाजूला घेतली. म्हणाली, "आई, उद्या खरंच श्वास अडकला तर हा डबा हिरवा दिवा दाखवेल. आणि राधा झोपलेली असेल. माझ्यामुळे झोपलेली असेल." एवढं बोलली आणि रडली. माझा राग जसा आला तसा गेला. मी तिच्या पाठीवर हात फिरवत बसले आणि ट्रक जात राहिले.

थोड्या वेळानं ती डोळे पुसून म्हणाली, "मी झोळीतच वाढलेय हो. रोहनही. आमच्या वस्तीतलं एकूण एक पोर झोळीत वाढलंय. आणि चार वर्षांत मला एकदा सुचलं नाही की बाळ हलतं. वाचलं त्यात सगळी बाळं पलंगावर, वॉर्डात सगळी ट्रेमध्ये. मी तसंच धरून चालले."

डॉक्टर मोघ्यांनी सगळा अभ्यास थांबवला. मीटिंग बोलावून तिला म्हणाले, "पुण्यात जन्म गेला आणि तुम्हाला झोळी माहीत नाही?" ही म्हणाली, "मला माहीत होती सर. तुम्हालाही होती. दोघांनाही आठवली नाही." ते चष्मा पुसत म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे." मीटिंगमधल्या कोणीतरी तोडगा काढला की डब्याबरोबर सूचना छापून द्या, बाळास झोळीत झोपवू नये. पूर्वा म्हणाली, सूचना वाचून आया मान हलवतील आणि घरी जाऊन झोळीतच झोपवतील, मी असते तरी तेच केलं असतं. डबा बदलायचा, आया नाही. डॉक्टर म्हणाले, "बदला मग. जमलं तर या."

पण राधाच्या झोपेचं काय? ते माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी जेवण उरकलं, पिशवी घेतली आणि हडपसरला बस बदलून लोणीला जाऊन उभी राहिले. राधा पुन्हा नाकाखाली बोट धरून बसलेली. म्हटलं, "ऊठ. डबा येईपर्यंत डबा मी. झोप तू." ती ऐकेना. "मावशी, तुमी कशापायी..." म्हटलं, "हे बघ, मी रिटायर बाई आहे, घरात बसून सुनेशी भांडते, त्यापेक्षा इथं बसेन. आणि माझं लक्ष चुकवून अख्ख्या नोकरीत कोणी फुकट गेलेलं नाही, तुझ्या पोरीचा श्वास कुठं जातोय." ती हसली आणि आडवी झाली. मी एका हातानं झोका द्यायची आणि दुसरा हात झोळीत बारकीच्या पोटावर ठेवायची. उबदार एवढंसं पोट वर यायचं, खाली जायचं. खरं सांगते, मला कसलाही कंटाळा आला नाही. मग मी रोजच दुपारी जायला लागले. बसमधले कंडक्टर ओळखीचे, खिडकीची जागा मिळायची.

इकडे घरी वेगळाच संसार मांडला होता. हॉलमध्ये, बाबासाहेबांच्या फोटोसमोरच्या छताला मी घर घेतानाच एक मजबूत हुक बसवून घेतला होता, नातवंडासाठी. आडून आडून दोघांना तो दाखवायचीही. त्या हुकाला एकदाची झोळी लागली, आणि त्यात कोण, तर शेकायची रबरी पिशवी! रोहननं तिला माशांच्या टाकीचा पंप जोडून दिला, म्हणजे ती पिशवी फुगायची आणि बसायची, बाळाच्या छातीसारखी. दार उघडं होतं, गोखलेबाईंना जिन्यातून झोळी दिसली. झालं, बाई सगळा अबोला विसरून पेढे घेऊन वर. "अहो, सांगितलंसुद्धा नाहीत!" झोळीत वाकून बघितलं तर फुसफुस करणारी पिशवी. त्यांना काय वाटलं असेल ते त्यांनाच माहीत. पेढे मात्र मी परत दिले नाहीत.

आधी पूर्वानं गणित मांडून झोळीचं हलणं वजा करायचा प्रयत्न केला. ते काही साधेना. कारण प्रत्येकाचा झोका वेगळा. मी हिसका देते, रोहन हळूच ढकलतो, आणि ती स्वतः विचारात पडली की झोका द्यायचंच विसरते. एका झोक्याचं गणित जमलं की दुसऱ्याला चुकायचं. दिवसेंदिवस ती पिशवीसमोर बसून असायची, जेवायला हाक मारली की "आले" म्हणायची आणि यायची नाही. माझी चिडचिड व्हायची, पण मी बोलायची नाही. म्हणजे कमी बोलायची.

शेवटी एका दुपारी तिला ओढून माझ्याबरोबर लोणीच्या बसमध्ये घातलं. म्हटलं, जरा वारं लागू दे, राधालाही बघ. हडपसर सोडलं आणि रस्त्याचं काम चाललेलं, बस नुसती आदळत होती. त्या दिवशी गर्दीत आम्हाला जागा नव्हती, उभ्याच होतो. समोरच्या सीटवर एक म्हातारी तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. पूर्वा तिच्याकडे टक लावून बघायला लागली. मी कोपरानं ढोसलं, म्हटलं, "बरं दिसत नाही." ती म्हणाली, "आई, बस एवढी आदळतेय, तरी मला हिचा श्वास दिसतोय. छाती वरखाली होतेय ती स्पष्ट दिसतेय."

"दिसणारच. समोर तर आहे."

"रस्त्यावर उभी राहून बघितली असती तर नसती दिसली. नुसती बस पळताना दिसली असती. मी बसमध्ये आहे म्हणून दिसतेय. तिच्याबरोबर मीही आदळतेय." तिनं माझा दंड असा पकडला की वळ उठला. "डबा कपाटावर कशाला ठेवलाय मी? डबा झोळीत पाहिजे. झोळीबरोबर हलला पाहिजे."

अख्खी नोकरी मी बसमध्ये उभी राहिले, हजारो झोपलेली माणसं तिकिटासाठी उठवली, पण माझ्या मनात असलं काही कधी आलं नाही. तिच्या आलं. ज्याच्या डोक्यात जे घोळत असतं त्याला तेच दिसतं. आता ती सगळ्यांना सांगते की कल्पना आईंच्या बसमध्ये सुचली, आणि मीही ते खोडून काढत नाही.

मग काम पळायला लागलं. डबा लहान केला, बॅटरीवरचा केला, साबणाच्या वडीएवढा. झोळीच्या मधल्या काठीला तो घट्ट बसावा, पडू नये, म्हणून रोहननं डेअरीतल्या मिस्त्रीकडून पकड बनवून आणली. डबा वरून खाली, थेट बाळाच्या छातीकडे बघणार, आणि हातभर अंतरापलीकडचं काही मनावर घेणार नाही, असं तिनं करून ठेवलं. भिंत असो, कपाट असो, चंपाबाई असो, सगळं त्याच्या लेखी नाहीच.

पहिली परीक्षा रविवारी, आमच्या हॉलमध्ये. रबरी पिशवी बाहेर काढली. रिकाम्या झोळीला मी माझ्या पद्धतीनं हिसका दिला. डबा ओरडला, आकडा शून्य. रोहननं ढकललं, शून्य. पूर्वानं झोका दिला आणि या खेपेला विसरली नाही, शून्य. आम्ही तिघं त्या शून्याकडे बघून टाळ्या वाजवत होतो. मग पिशवी आत ठेवली, पंप लावला, आणि झोळी कशीही हलवा, पंपाचा बरोबर तेवढाच आकडा. मी खाली जाऊन पेढे आणले आणि पहिला पुडा गोखलेबाईंना नेऊन दिला. त्या म्हणाल्या, "काय झालं?" म्हटलं, "शून्य आलं." बाईंनी पेढा घेतला आणि दार लावून घेतलं.

डॉक्टर मोघ्यांच्या पुढे पुन्हा सगळी परीक्षा झाली. वॉर्डातच झोळी टांगली, बाळाला नेहमीचं मशिनही लावून ठेवलं, दोन्ही आकडे बराच वेळ शेजारी शेजारी ठेवून बघितले. डॉक्टरांनी स्वतः झोका दिला. रिकामी असताना शून्य, बाळ असताना बरोबर. ते म्हणाले, "चांगला आहे." बघा, 'बरा'चा 'चांगला' झाला. त्यांनी परवानगी दिली, आणि पूर्वानं पहिला डबा कोणाकडे न्यायचा हे विचारायचीही गरज नव्हती.

लोणीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं नव्हतं. बारकी आता बाळसं धरायला लागली होती, मला बघून हात नाचवले तिनं. पूर्वानं काठीला डबा बसवला. राधा हात लावून, ओढून बघत होती, पडतो का म्हणून. पडला नाही. मग ती म्हणाली, "मॅडम, रागावू नगा. पर आदी म्या बगनार."

"बघ. तूच बघ," पूर्वा म्हणाली.

राधानं बारकीला माझ्या मांडीवर दिलं आणि रिकाम्या झोळीला झोका दिला. डबा ओरडला. तिनं जोरात झोका दिला, मग हळू, मग झोळीत उशी टाकून दिला. डबा ओरडतच राहिला, त्याला उशीसुद्धा फसवू शकली नाही. मग तिनं उशी काढून बारकीला आत ठेवलं आणि झोका दिला. ओरडणं थांबलं. हिरवा दिवा लागला, आकडा पडायला लागला. राधानं झोळीत हात घातला, पोरीच्या पोटावर ठेवला आणि आकड्याकडे बघत ओठ हलवत मोजत राहिली. बराच वेळ मोजलं तिनं. पूर्वा भिंतीला टेकून उभी होती, तिची ओढणी मुठीत चुरगळून गेली होती. मला वाटलं, आता हिच्या छातीसमोर डबा धरला तर तो बंदच पडेल.

"बराबर हाय," राधा म्हणाली. "पोरगीच मोजतोय ह्यो."

आणि मग तिनं चहा नाही विचारला, बसा नाही म्हणाली. झोळीखालच्या सतरंजीवर आडवी झाली, पदर डोळ्यांवर घेतला आणि आमच्यादेखत झोपली. थोड्याच वेळात चक्क घोरायला लागली. मला इतका आनंद झाला की काय करावं कळेना. आणि जरासं वाईटही वाटलं, कारण माझी नोकरी दुसऱ्यांदा गेली होती.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि भैरू नेहमीसारखा दारातूनच गरजला, "काय वो मावशी, आज..." मी ओठांवर बोट ठेवलं. त्यानं आत डोकावून बघितलं. त्याला झोळी दिसली, हिरवा दिवा दिसला, आणि खाली तोंड उघडं टाकून झोपलेली बायको दिसली. त्यानं चपला काढून हातात घेतल्या, आवाज न करता उंबऱ्यावर बसला आणि तोंड पलीकडे फिरवून डोळे पुसत राहिला.

मी झोका देत होते. पूर्वा माझ्या शेजारी येऊन बसली. मी तिला विचारलं, "काय आकडा दाखवतोय?" तिचं डब्याकडे लक्षच नव्हतं. ती राधाकडे बघत होती, राधाचा पदर वर येत होता, खाली जात होता.

"आई," ती म्हणाली, "हळू बोला."

मला हळू बोला म्हणणारी माणसं आयुष्यात पुष्कळ भेटली. ऐकलं मी त्या दिवशी पहिल्यांदा.